एलेनी काराइंद्रू : आधी सूर, मग चित्रपट

सुरावट

ग्रीक दिग्दर्शक थिओ अँजेलोपुलोसचे चित्रपट पाहिलेले बरेच जण इथे आहेत. त्याच्या लांबच लांब शॉट्सवर, धुक्यावर, पिवळ्या रेनकोटमधल्या माणसांवर आपण पूर्वी बोललोही आहोत. पण ते शॉट ज्या सुरांवर उभे राहतात, ते रचणाऱ्या एलेनी काराइंद्रूबद्दल मराठीत माझ्या वाचनात फारसं आलेलं नाही. म्हणून हा धागा काढतेय. आणि एक गोष्ट मला ठामपणे मांडायची आहे. तिच्या संगीताला 'पार्श्वसंगीत' म्हणणं मला पटत नाही. त्यातलं बरंचसं संगीत चित्रीकरणाच्या आधी जन्मलेलं आहे आणि चित्रपटाने आपली चाल त्याच्याकडून घेतली आहे.

एलेनीचा जन्म १९४१चा, मध्य ग्रीसमधल्या फोकिडा भागातल्या तिखिओ नावाच्या डोंगराळ खेड्यातला. देशावर जर्मन-इटालियन ताबा होता आणि तो संपतो न संपतो तोच यादवी युद्ध पेटलं. गावात वीज नव्हती. डोंगरातला वारा, दगडी छपरावरचा पाऊस, वाहतं पाणी, पक्ष्यांचं गाणं आणि बर्फ पडल्यावर येणारी शांतता, आपलं पहिलं संगीत हेच, असं ती सांगत आली आहे. सात-आठ वर्षांची असताना कुटुंब अथेन्सला आलं. तिथे तिला दोन गोष्टी भेटल्या: पियानो आणि घराजवळचं उघड्यावरचं चित्रपटगृह.

पुढे अथेन्सच्या हेलेनिक कॉन्झर्व्हेटरीत पियानो आणि संगीतशास्त्र, आणि जोडीला विद्यापीठात इतिहास व पुरातत्त्व. हा दुसरा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. जुन्या वस्तूवरची माती हलक्या हाताने झाडावी, पण वस्तू घासूनपुसून नवी करू नये, ही शिस्त तिच्या रचनांत दिसते.

२१ एप्रिल १९६७ला ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. एलेनी लहान मुलाला घेऊन पॅरिसला गेली आणि हुकूमशाही कोसळेपर्यंत, म्हणजे १९७४पर्यंत तिथेच राहिली. तिथे तिने वाद्यवृंदरचना शिकली आणि लोकसंगीताचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. आपल्याच गावच्या गाण्यांकडे परक्या शहरात बसून पाहायची वेळ आली आणि त्यातून जे दिसलं ते तिने आयुष्यभर वापरलं. परतल्यावर अथेन्समध्ये पारंपरिक वाद्यांसाठी एक कार्यशाळा उभारली. त्याच सुमारास सरकारी रेडिओचा 'तिसरा कार्यक्रम' मानोस हाजिदाकिस या मोठ्या संगीतकाराच्या हाती आला होता. एलेनी तिथेही काम करू लागली.

१९८२मध्ये थेसालोनिकीच्या चित्रपट महोत्सवात ख्रिस्तोफोरोस ख्रिस्तोफिसच्या 'रोझा' या चित्रपटासाठी तिला संगीताचा पुरस्कार मिळाला. परीक्षक मंडळाचा अध्यक्ष होता अँजेलोपुलोस. तिथून पुढे त्याने केलेल्या आठही कथाचित्रपटांचं संगीत तिचं आहे. १९८४चा 'व्हॉयेज टू सिथेरा' पहिला आणि २००८चा 'द डस्ट ऑफ टाइम' शेवटचा.

त्याआधीचा अँजेलोपुलोस आठवून पाहा. 'द ट्रॅव्हलिंग प्लेयर्स'मध्ये संगीत भरपूर आहे, पण ते बहुतेक पात्रांच्या तोंडी आहे: रस्त्यावरची गाणी, संचलनाची गाणी, समोरासमोर उभ्या ठाकलेल्या दोन गटांची गाणी. तिथे संगीत म्हणजे इतिहासाचा पुरावा. एलेनी आल्यावर त्याच्या चित्रपटात आतला आवाज आला. राजकारणाने मोडलेला माणूस एकटा असताना त्याच्या मनात काय चालतं, हे ऐकू यायला लागलं. १९८४नंतरचा अँजेलोपुलोस वेगळा वाटतो, त्यामागे तिचा मोठा हात आहे असं मी मानते.

दोघांची पद्धत अशी, की तो तिला गोष्ट सांगायचा आणि ती पियानोवर बसून त्यातून सूर शोधायची. पडद्यावरच्या हालचालीला सेकंद मोजून सूर चिकटवायचा प्रश्नच नव्हता, कारण पडद्यावर अजून काही आलेलंच नसायचं.

तुम्ही तिचं काय ऐकलंय, कुठे ऐकलंय, आवडलं की नाही, सगळं लिहा.

डोंगरवाट

धागा वाचून बरं वाटलं. माझी ओळख 'लँडस्केप इन द मिस्ट'पासूनची. पुण्यात एका फिल्म क्लबच्या खेळाला पाहिला होता. वूला आणि अलेक्झांड्रोस ही दोन भावंडं कधीही न पाहिलेल्या वडिलांना शोधायला जर्मनीच्या गाडीत चढतात. वडील तिथे आहेत की नाहीत हेही धड ठरलेलं नाही. त्यात ओबो वाजतो, वांगेलिस क्रिस्टोपुलोसचा. ओबोचा आवाज थोडा नाकातला, थोडा कोवळा असतो. त्या आवाजामुळे मुलांची कीव येत नाही. ती किती हट्टी आहेत तेच जाणवत राहतं.

समुद्रातून दगडी हाताचा प्रचंड पंजा वर येतो आणि हेलिकॉप्टर तो शहरावरून घेऊन जातं, त्या प्रसंगाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र मुलं रेल्वेच्या डब्यांमधून चालत असतानाची ती साधी, हळू चाल जास्त लक्षात राहिली. चित्रपटाला व्हेनिसमध्ये सिल्व्हर लायन मिळाला तो १९८८मध्ये.

खडा_सवाल

विषय चांगला आहे आणि लेखही मनापासून लिहिलाय, म्हणून मीही मनापासून लिहितो. मी तिचे तीन अल्बम ओळीने ऐकले. तिसऱ्याच्या मध्यावर कुठला अल्बम चालू आहे हे मला सांगता येईना. लय संथ, तंतुवाद्यांचा लांब धरलेला स्वर, त्यावर एक एकटं वाद्य आणि सगळं दुःखी. माणसाच्या आयुष्यात राग असतो, नाच असतो, चेष्टा असते. ग्रीक संगीतात तर ते खच्चून भरलेलं आहे. रेबेटिको ही ग्रीक शहरांतली लोकगीतं ऐका, क्रीट बेटावरची गजाने वाजवायची लिरा ऐका. ते सगळं हिच्याकडे कुठे गेलं? चित्रपटाशिवाय हे संगीत आपल्या पायावर उभं राहतं, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

सुरावट

@खडा_सवाल, प्रश्न रास्त आहे. सविस्तर लिहिते.

एकसारखेपणाबद्दल आधी. तिची थीम छोटी असते, कधी चार-पाच स्वरांची, आणि ती पुन्हा पुन्हा येते हे खरंच. पण ती येते तेव्हा वाद्य बदललेलं असतं आणि वाद्याबरोबर बोलणारा माणूस बदलतो. 'द बीकीपर'मध्ये मार्चेल्लो मास्त्रोयानीचा स्पायरोस शाळामास्तरकी सोडून मधमाश्यांच्या पेट्या ट्रकवर लादून फुलोऱ्यामागे दक्षिणेकडे निघतो. तिथे यान गार्बारेकचा सॅक्सोफोन आहे. उत्तर युरोपातला, थंड, कडेला धार असलेला आवाज. हा माणूस बायकामुलींपासून किती लांब गेलाय ते तो एक आवाज सांगतो. 'युलिसिस गेझ'मध्ये किम काशकाशियानचा व्हायोला आहे. मानाकी बंधूंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाल्कनमध्ये चित्रित केलेल्या, कधीच न धुतलेल्या फिल्मची रिळं शोधत एक दिग्दर्शक ग्रीसपासून साराजेव्होपर्यंत जातो. लेनिनचा तुकडे केलेला पुतळा बार्जवर आडवा ठेवून डॅन्यूबमधून नेतात, काठावर लोक गुडघे टेकतात. तिथे व्हायोलिन असतं तर ते फार गोड झालं असतं आणि चेलो फार भारदस्त. व्हायोला मधला आहे, माणसाच्या बोलण्याच्या पट्टीतला. काशकाशियान स्वतः आर्मेनियन वंशाची. हा तपशील मला योगायोग वाटत नाही.

आता नाच कुठे गेला. 'द वीपिंग मेडो' पाहा. १९१९च्या सुमारास ओदेसाहून पळून आलेले ग्रीक निर्वासित थेसालोनिकीजवळ नदीकाठी वसाहत करतात. नायक अकॉर्डियन वाजवतो आणि फिरत्या वादकांच्या ताफ्यात सामील होतो. त्यात लोक नाचतात, बिअर हॉलमध्ये वाजवणं होतं, कामगारांच्या सभेत वाजवणं होतं. वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींमध्ये वादक उभे राहून वाजवतात, तो प्रसंग तर संगीतावरच रचलेला आहे. पण नाचाखाली वाट पाहणारी गोळी आहे, हे तिचं संगीत लपवत नाही. नायिकेचं नावही एलेनीच आहे.

आणि चित्रपटाशिवाय? मी तिचे काही अल्बम चित्रपट न पाहता आधी ऐकले आणि तेव्हाही ते मला पुरले. तुमचा अनुभव वेगळा असेल तर तोही खरा. एक मात्र सुचवते, तीन अल्बम ओळीने ऐकू नका. एक ऐकून थांबा.

र्‍हाईनकाठ

मी गेली बरीच वर्षं जर्मनीत आहे. इथे काराइंद्रूबाईंचं नाव घराघरात पोचवलं ते म्युनिकच्या ईसीएम कंपनीने. मानफ्रेड आयशर यांनी १९६९मध्ये ती सुरू केली आणि १९९१मध्ये 'म्युझिक फॉर फिल्म्स' हा बाईंचा पहिला अल्बम तिथून निघाला. ईसीएमच्या ध्वनिमुद्रणात सुरांच्या मधली शांतता फार जपलेली असते. बाईंच्या गावच्या बर्फाचा उल्लेख वर आलाय. या दोघांचं जमणारच होतं.

राजकीय पार्श्वभूमीवर थोडी भर. लष्करशहांनी १ जून १९६७ला हुकूम काढून संगीतकार मिकिस थिओडोराकिस यांचं संगीत वाजवायला आणि ऐकायलाही बंदी घातली. त्यांना पकडलं, नंतर झातुना या डोंगरातल्या गावी स्थानबद्ध केलं, पुढे छावणीत ठेवलं. १९७०मध्ये आंतरराष्ट्रीय दडपणामुळे ते सुटून पॅरिसला आले. त्यांची गाणी जगभर गाणारी मारिया फारांदूरी हीसुद्धा त्या काळात देशाबाहेर होती. संगीतकार यानिस क्सेनाकिस तर १९४७पासूनच पॅरिसमध्ये होते. अथेन्सच्या रस्त्यावरच्या लढाईत त्यांचा एक डोळा गेला होता आणि ग्रीसमध्ये त्यांना मृत्युदंड सुनावला गेला होता. म्हणजे एका अर्थी ग्रीक संगीताचा अर्धा इतिहास पॅरिसच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये घडला.

थिओडोराकिस यांचं गाणं हजारो लोकांनी उभं राहून एकत्र म्हणायचं असतं. काराइंद्रूबाईंचं संगीत त्या सभेहून रात्री एकट्याने घरी चालत जाणाऱ्या माणसाचं आहे. दोन्ही एकाच जखमेतून आलेत. देशात परतल्यावर १९७५मध्ये बाईंचा पहिला गाण्यांचा अल्बम आला, के. एक्स. मिरिस यांच्या कवितांवर, आणि तो गायला होता फारांदूरीनेच. @खडा_सवाल यांनी ती गाणी मिळवून ऐकावीत. सगळीच संथ नाहीत.

ओवी_माझी

मला चित्रपटांतलं फारसं कळत नाही. मी एका वेगळ्या दाराने आत आले, 'ट्रोजन विमेन'मधून. तो अल्बम कुणीतरी पाठवला आणि मी कितीतरी दिवस दुसरं काही ऐकलं नाही.

युरिपिडिसचं हे नाटक इसवी सनपूर्व ४१५चं. त्याच्या आदल्याच वर्षी अथेन्सने मिलोस बेटावरच्या पुरुषांची कत्तल केली होती आणि बायकामुलांना गुलाम केलं होतं. आणि लगेच अथेन्सच्याच रंगमंचावर युरिपिडिसने युद्धात हरलेल्या ट्रॉय शहरातल्या बायका उभ्या केल्या. नवरे मेलेत, शहर जळतंय, कोणत्या विजेत्याच्या वाट्याला कोण जाणार ते ठरतंय. हेक्टरचा लहानगा मुलगा अस्तिआनाक्स तटावरून फेकला जातो आणि आजी हेक्युबा त्याचं प्रेत बापाच्या ढालीवर ठेवते.

२००१मध्ये एपिडॉरसच्या प्राचीन खुल्या नाट्यगृहात आंतोनिस आंतिपास यांनी ते बसवलं. ते काराइंद्रूंचे पती. भाषांतर मिरिस यांचंच, म्हणजे वरच्या त्या गाण्यांचे कवी. इथे ओबो नाही, सॅक्सोफोन नाही. लिरा, ने नावाची बासरी, कानोनाकी, संतूरी, हार्प, चर्मवाद्यं आणि बायकांचा कोरस. बायका गातात तेव्हा आवाज सजवलेला नसतो. छातीतून येतो, सरळ.

ग्रीसच्या मानी भागात मृताच्या उशाशी बसून बायका शोकगीतं रचून म्हणतात. मेलेल्याचं आयुष्य, त्याच्यावर झालेला अन्याय, मागे राहिलेल्यांचे हाल, सगळं त्यात येतं. पुरुषांच्या पंचायतीत बोलायची सोय नसलेली बाई तिथे सगळं बोलून घेते. मी जात्यावरच्या ओव्यांचं संकलन करणाऱ्या एका गटाबरोबर मुळशीकडे काम केलं आहे. सासरचा जाच, भावाची वाट, लेकीचं मरण, म्हातारीला समोरासमोर सांगवत नाही ते जात्याच्या घरघरीत सांगता येतं. हेक्युबाचा विलाप ऐकताना मला त्या म्हाताऱ्या दिसल्या. दोन्ही परंपरांत बाई दुःखाला आकार देते आणि ऐकणाऱ्यांना साक्षीदार करते. म्हणून हे संगीत मला दुबळं किंवा रडवं वाटत नाही. @खडा_सवाल, तुम्ही राग कुठे आहे विचारलंत. या अल्बममध्ये आहे. कोरसचा आवाज चढतो तेव्हा ऐका.

तरफेची_तार

मी सारंगी शिकतो, त्यामुळे माझा जीव वाद्यांत. वर 'लिरा' आली आहे, ती कॉन्स्टँटिनोपलची लिरा, आणि क्रीटच्या लिरेपेक्षा वेगळी. नासपतीच्या आकाराचा छोटा लाकडी देह, तीन तारा, मांडीवर उभी धरून गजाने वाजवतात. तार पट्टीवर दाबत नाहीत. नख बाजूने तारेला टेकवून स्वर काढतात. सारंगीतही आपण नखाच्या मुळाशी तार टेकवतो, म्हणून दोन्हींत स्वरातून स्वरात घसरत जाणं इतकं गळ्यासारखं होतं. काराइंद्रूंच्या ध्वनिमुद्रणांत ती बहुतेक सोक्रातिस सिनोपुलोस वाजवतात. 'द वीपिंग मेडो'मध्ये त्यांची लिरा अकॉर्डियनशेजारी ऐका. अकॉर्डियनचा स्वर जागेवर पक्का, लिरेचा हलता. दोन्ही एकच चाल वाजवतात आणि तरी एकमेकांत पूर्ण मिसळत नाहीत.

कानोनाकी म्हणजे मांडीवर आडवी ठेवायची बहुतारी पेटी, बोटांत नख्या घालून छेडायची. संतूरी आपल्या संतूरची नातेवाईक, काड्यांनी वाजवतात. ही वाद्यं आशिया मायनरमधल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या ग्रीकांबरोबर, १९२२मध्ये तुर्कांशी झालेल्या युद्धातल्या पराभवानंतर मोठ्या प्रमाणात ग्रीसमध्ये आली. दुसऱ्या वर्षी लोकसंख्येची अदलाबदल झाली आणि दहा लाखांहून जास्त निर्वासित त्या छोट्या देशात उतरले. म्हणजे वाद्यंही निर्वासित. ती पाश्चात्त्य तंतुवृंदाच्या मधोमध बसवायची, तर सूर जुळवण्यापासून अडचणी असतात. काराइंद्रू तंतुवृंदाला एक लांब स्वर धरून ठेवायला सांगते आणि लिरेला वर मोकळं सोडते. आपल्या कानाला हे चटकन पटतं, कारण आपण षड्जाच्या भरण्यावरच वाढलो. बायझंटाइन चर्चच्या गायनातही असा धरलेला स्वर असतो, त्याला इसोन म्हणतात. तिला तो तिथून मिळाला असावा असं मला वाटतं.

@खडा_सवाल यांना जो 'लांब धरलेला स्वर' कंटाळवाणा वाटला, तो काढून टाकला तर वरच्या वाद्याला उभं राहायला जमीन उरणार नाही.

खडा_सवाल

@ओवी_माझी, @तरफेची_तार, दोघांचेही आभार. काल 'ट्रोजन विमेन' पूर्ण ऐकला. चित्रपटांच्या संगीताबद्दलचं माझं मत अजून तसंच आहे, मला तिथे वाद्यवृंदाची लय अधिक हलती हवी असते. पण हा अल्बम वेगळा आहे. यात हवा आहे, धूळ आहे. लिरा आणि कोरस समोरासमोर येतात तिथे मी दोनदा मागे जाऊन ऐकलं.

आता एक सांगा. अँजेलोपुलोस गेल्यावर बाईंचं काय झालं? आठ चित्रपटांची सोबत एका दिवसात तुटली.

डोंगरवाट

अँजेलोपुलोस गेला २४ जानेवारी २०१२ला. पिरेअसजवळ 'द अदर सी' या चित्रपटाचं चित्रीकरण चालू असताना रस्ता ओलांडताना मोटरसायकलची धडक बसली. चित्रपट अपुरा राहिला. विषय होता कर्जात बुडालेल्या ग्रीसचा.

त्याच्याबरोबरच्या कामाचा मोठा आढावा आधीच होऊन गेला होता, हे त्यातल्या त्यात समाधान. २००५मध्ये अथेन्सच्या मेगारॉन सभागृहात शंभरावर वादक-गायकांनी तिच्या वीस वर्षांतल्या रचना एका सलग कार्यक्रमात सादर केल्या. ईसीएमने २००६मध्ये 'एलेजी ऑफ द अपरूटिंग' या नावाने ते प्रसिद्ध केलं. फारांदूरी त्यात गायली आहे.

सुरावट

@खडा_सवाल, तिने काम थांबवलं नाही. एक तर ती कधीच फक्त अँजेलोपुलोसची नव्हती. तोनिया मार्केताकी, मार्गारेथे फॉन ट्रोटा, क्रिस मार्कर अशा दिग्दर्शकांसाठीही तिने केलंय आणि रंगभूमीवर तर अखंड. २०१०च्या मेगारॉनमधल्या मैफलीचा 'कॉन्सर्ट इन अथेन्स' हा अल्बम २०१३मध्ये आला. त्यात आर्थर मिलर आणि टेनेसी विल्यम्सच्या नाटकांसाठी केलेलं संगीत आहे. मिलरच्या नाटकातल्या विली लोमनसाठीचं शोकसंगीत गार्बारेकने वाजवलंय. दारोदार फिरून थकलेला अमेरिकन विक्रेता तिच्या हाती येतो तेव्हा तोही विस्थापितच वाटतो, आपल्याच घरातला.

त्यानंतर २०१४मध्ये 'मेडिया' आणि २०१६मध्ये 'डेव्हिड' आला. 'डेव्हिड' ही कियोस बेटावरच्या अठराव्या शतकातल्या एका अनामिक नाट्यसंहितेवरची रचना. २०१९मध्ये 'तू दे झ्वाझो'. त्यात लेबनॉनमध्ये जन्मलेल्या वाज्दी मुआवादच्या त्याच नावाच्या नाटकाचं संगीत आहे, आणि इराणी अभिनेता-दिग्दर्शक पेमान मादीच्या चित्रपटाचंही. तो चित्रपट घडतो १९८८च्या तेहरानमध्ये, इराकी क्षेपणास्त्रं पडत असताना. ग्रीसच्या डोंगरातले सूर मध्यपूर्वेतल्या गोष्टींना कसे लागू पडतील अशी मला धाकधूक होती. लिरा आणि ने मुळातच त्या दिशेने आलेली वाद्यं आहेत, त्यामुळे ती परत गेल्यासारखी वाजतात.

पहिला_पाऊस

सगळं वाचलं. मी यातलं एकही ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू? आणि चित्रपट आधी पाहू की संगीत आधी?

सुरावट

@पहिला_पाऊस, 'इटर्निटी अँड अ डे' आधी पाहा. मग संगीत वेगळं ऐका. १९९८मध्ये याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ब्रुनो गांझ आजारी लेखक आहे, दुसऱ्या दिवशी त्याला इस्पितळात जायचंय, आणि थेसालोनिकीच्या रस्त्यावर त्याला एक अल्बेनियन निर्वासित मुलगा भेटतो. दोघे रात्रीच्या बसमध्ये बसून शहरभर फिरतात. मधल्या एका थांब्यावर संगीताचे विद्यार्थी वाद्यं घेऊन चढतात आणि चालत्या बसमध्येच वाजवतात. तिथे तिची रचना पात्रांच्या आणि आपल्या कानावर एकदमच पडते. तो प्रसंग आवडला तर 'युलिसिस गेझ'चा अल्बम आणि मग 'ट्रोजन विमेन'. नाही आवडला तर थेट 'ट्रोजन विमेन' लावा. ऐकून झालं की इथे नक्की लिहा.

तरफेची_तार

आणि 'ट्रोजन विमेन' हेडफोन लावून ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर लिरेची सगळ्यात खालची तार ऐकूच येत नाही.